पोरगा जॉकी व्हायला पुण्याला चालला. पडल्यावर कमीत कमी इजा व्हावी म्हणून आधी काय करून ठेवावं?

धामणगावचा धुरकरी | ६ एप्रिल

नमस्कार मंडळी. मी अमरावती जिल्ह्यातल्या धामणगाव रेल्वे तालुक्यातला शेतकरी. सात एकर कोरडवाहू, कपाशी आणि सोयाबीन, मधात तुरीचे तास. माझा मुलगा १७ वर्षांचा आहे, वजन ४६ किलो, उंची पाच फूट एक इंच. जूनमध्ये तो पुण्याला घोड्यांच्या शर्यतीचं काम शिकायला जातो आहे. पुढं जॉकी व्हायचं त्याच्या मनात आहे.

आमच्या गावात वरातीची घोडी ठेवणारे एक काकाजी आहेत. बारा वर्षांचा असल्यापासून हा त्यांची घोडी नाल्यावर पाणी पाजायला नेतो, तेही खोगीर न घालता. दिवाळीत काकाजींचा एक नातेवाईक आला होता, पुण्याच्या तबेल्यात सईस, म्हणजे घोड्यांची देखभाल करणारा, आहे. त्यानं पोराला घोडीवर पाहिलं आणि आपल्या ट्रेनरशी बोलला. पाठवू की नको, हे मी इथं विचारत नाही. ते घरात ठरलं. त्याच्या आईला हो म्हणायला चार महिने लागले, पण ठरलं.

माझी भीती वेगळी आहे. मी स्वतः शंकरपटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलजोड्यांच्या शर्यतीत, जोड्या हाकललेला माणूस. तळेगाव दशासरच्या पटात आम्ही दोघं भाऊ दरवर्षी उतरत होतो. २०१० च्या जानेवारीत यवतमाळकडच्या एका गावच्या पटात मोठ्या भावाच्या छकड्याचं चाक दगडावर चढलं आणि तो दाणीच्या, म्हणजे जोड्या पळायच्या पट्टीच्या, कडेला पाठीवर पडला. शुद्धीवर होता, बोलत होता. "पाय हायेत ना बे माहे?" असं त्यानं मला विचारलं आणि मी पाहिलं, त्याचा अंगठा हलत होता. मग आम्ही चौघांनी त्याला हातापायाला धरून उचललं आणि एका मोटरसायकलवर दोघांच्या मधात बसवून तालुक्याला नेलं. तेव्हा १०८ नव्हती. संध्याकाळपासून त्याचे पाय गेले ते गेलेच. नंतर नागपूरच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं, की मणका पडताना मोडला असेल, पण आतल्या मज्जारज्जूला इजा उचलताना वाढली असण्याची शक्यता आहे. डावा पाय मी धरला होता. पंधरा वर्षं झाली. दादा ओसरीवर चाकाच्या खुर्चीत असतो, आणि पोराला घोड्यावर बसायचं बळ द्यायला घरात सगळ्यात पुढं तोच आहे.

म्हणून विचारतो. जॉकी आज ना उद्या पडणार, हे धरूनच चालू. हेल्मेट कोणतं घ्यावं? जाकीट घालतात म्हणे, ते कशाचं असतं? खाण्यापिण्यात काय पाहावं? ट्रेनरला भेटेन तेव्हा नेमकं काय विचारावं? आणि जूनपर्यंत दोन महिने आहेत, घरच्या घरी त्याला काय शिकवून ठेवता येईल?

आमच्या पटात बैलांची डॉक्टरकडून तपासणी लागते, ती चांगलीच गोष्ट आहे. धुरकऱ्याच्या, म्हणजे जोडी हाकणाऱ्याच्या, डोक्यावर मात्र दुपट्ट्याशिवाय काही नसतं. त्यामुळे या बाबतीत माझ्याजवळ ज्ञान शून्य आहे. ज्यानं घोड्यावर काम केलं आहे त्यानं जरूर लिहावं.

वरुडचा संत्रेवाला | ६ एप्रिल

भाऊ, मी लिहितो. आता संत्र्याची बाग पाहतो, पण त्याआधी अकरा वर्षं राइडिंग बॉय होतो. जुलै ते ऑक्टोबर पुण्यात, नोव्हेंबरपासून एप्रिलपर्यंत मुंबईत महालक्ष्मीला. शर्यतीत कधी उतरलो नाही, माझं वजन वाढलं. पण घोडे रोज पहाटे पळवले आणि मोजून नऊ वेळा पडलो. गळ्याजवळचं हाड, ज्याला सगळे कॉलरबोन म्हणतात, ते दोनदा मोडलं. पडताना हात पुढं टेकवला की तेच मोडते.

पहिली गोष्ट लक्षात ठेवा. लोकांना वाटते धोका शर्यतीच्या दिवशी. शर्यतीच्या दिवशी डॉक्टर असतो, घोड्यांच्या मागोमाग अ‍ॅम्ब्युलन्स धावते, सगळ्यांचे डोळे लागलेले असतात. मी नऊच्या नऊ वेळा पडलो ते पहाटे, अर्धवट उजेडात, थंडीत तरारलेल्या घोड्यावरून. म्हणून ट्रेनरला पहिला प्रश्न हा विचारा, की सकाळच्या सरावाला अ‍ॅम्ब्युलन्स कुठं उभी असते आणि पोरगा पडला तर त्याच्याजवळ पहिले कोण पोचते. ज्याला उत्तर माहीत आहे तो लगेच बोट दाखवून सांगते.

दुसरा प्रश्न, की पहिल्या वर्षी माझ्या पोराला कोणते घोडे देणार? शर्यतीचा घोडा साडेचारशे-पाचशे किलोचा असतो आणि तासाला साठ किलोमीटरच्या वर पळतो. तुमचा पोरगा त्याच्या दहाव्या हिश्शाचा. ताकदीनं तो त्याला थांबवूच शकत नाही, सवयीनं आणि हातानं थांबवतो. ते हात तयार व्हायला वेळ लागते. नव्या पोराला वयस्क, शहाणा घोडा द्यायचा असतो. माणसं कमी पडली म्हणून तिसऱ्या महिन्यात लाथाळ घोड्यावर बसवलं, की घात झाला समजा. माझ्यासोबतचा एक पोरगा असाच गेटमध्ये अडकला होता. गेट म्हणजे शर्यत सुटते तो लोखंडी पिंजरा. घोडा आत उभा झाला आणि याचा गुडघा लोखंडावर चेपला. सहा महिने तो बसून होता.

हेल्मेट स्वतःचं घ्या, ही माझी विनवणी समजा. मला पहिलं हेल्मेट तबेल्यातलं मिळालं होतं, आधीच्या पोराचं. तो ते घालून पडलेला होता, हे मला नंतर कळलं. हेल्मेट एकदा जोराचा मार खाल्ला की आतला थर दबते आणि वरून काही दिसत नाही. ते टाकून द्यायचं असते. गाडीचं आयएसआय हेल्मेट चालणार नाही. ते जड असते, बाजूचं दिसत नाही, मागून येणाऱ्या टापा ऐकू येत नाहीत. घोडेस्वारीच्या हेल्मेटच्या आत मानकाची पट्टी असते. तिच्यावर ईएन १३८४, पीएएस ०१५ किंवा एएसटीएम एफ ११६३ असं काही लिहिलेलं पाहा. दुकानात पट्टा न लावता डोकं हलवून पाहायचं. हेल्मेट कपाळाच्या कातडीसोबत हललं पाहिजे, डोक्यावर गरगर फिरलं नाही पाहिजे. पोराला सोबत नेल्याशिवाय घेऊच नका.

जाकिटाला बॉडी प्रोटेक्टर म्हणतात. आत फोमचे तुकडे असतात, त्याचं मानक ईएन १३१५८. बरगड्या वाचतात, टापेचा मार हलका होते. मान मात्र त्यात वाचत नाही आणि मणक्याचीही हमी नाही, म्हणून ते घातलं की काही होत नाही असं पोराच्या डोक्यात भरू नका. हवा भरणारं जाकीटही आलं आहे. त्याची दोरी सॅडलला अडकवलेली असते, माणूस सुटला की दोरी ओढल्या जाते आणि गॅसच्या नळीनं जाकीट क्षणात फुगते. उड्यांच्या स्पर्धेत ते पुष्कळ वापरतात. शर्यतीत चालते की नाही ते त्या-त्या क्लबच्या नियमावर आहे, तिथंच विचारा.

आता जे पैशानं मिळत नाही ते. तंग, म्हणजे सॅडलचा पोटाखालून जाणारा पट्टा, दोनदा आवळायचा. घोडा पोट फुगवून उभा राहते, तुम्ही तंग आवळता, दहा पावलं चालला की पोट सोडते आणि सॅडल सैल. मी दुसऱ्यांदा पडलो ते याच्यामुळं. रिकिबीचा चामडी पट्टा रोज शिलाईजवळ वाकवून पाहायचा, भेग तिथंच पडते. बुटाचा तळ सपाट पाहिजे आणि टाच पाहिजे, म्हणजे पाय रिकिबीत आत सरकत नाही. पडण्यापेक्षा फरपटत जाणं वाईट, भाऊ. मी एकदा पाहिलं आहे, पुन्हा पाहायची हिंमत नाही.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, घोड्याचा पाय दुखते हे पहिले वर बसलेल्याला कळते. चालीत अर्धा ताल चुकते. जनावर जोरात असताना तोच पाय मोडला तर घोडा तोंडावर जाते आणि वरचा त्याच्याही पुढं. पोराला सांगा, शंका आली की खाली उतर आणि सईसाला, ट्रेनरला सांग. रागावले तरी सांग. तुम्ही बैलांचे माणूस आहात, बैलाच्या चालीवरून त्याचं दुखणं ओळखायला तुम्ही त्याला माझ्यापेक्षा चांगलं शिकवाल.

फिजिओ, वर्धा | ७ एप्रिल

धुरकरीदादा, मी वर्ध्याला फिजिओथेरपिस्ट आहे. माझ्याकडे झाडावरून, बैलगाडीवरून, विहिरीच्या काठावरून पडलेले पाठीचे पेशंट नेहमी येतात. आधी तुमच्या डाव्या पायाबद्दल. पडताना किती इजा झाली आणि उचलताना किती, हे पंधरा वर्षांनी कोणीही खात्रीनं सांगू शकणार नाही. मज्जारज्जूला सूज येऊन काही तासांनी पाय जाणं, हे अगदी नीट उचललेल्या माणसातही होतं. तुम्ही भावाला दवाखान्यात पोचवायला धावलात. मी तिथं असते तर मीही आधी धावलेच असते, फक्त मला शिकवलेलं होतं आणि तुम्हाला कोणी शिकवलं नव्हतं.

ते शिकवणं आत्ता करू. माणूस पडला आणि मान-पाठ दुखते म्हणाला, किंवा बेशुद्ध असला, तर घोडे किंवा बैल अंगावर येत नसतील तोवर त्याला हलवायचं नाही. एकानं डोक्याशी गुडघे टेकून बसायचं आणि दोन्ही हातांनी डोकं जसं आहे तसं धरून ठेवायचं. ओढायचं नाही, वळवायचं नाही. त्याच्याशी बोलत राहायचं, श्वास पाहत राहायचा. हेल्मेट काढायचं नाही, श्वासच अडत असेल तरची गोष्ट वेगळी. पाणी पाजायचं नाही. गावात हे सगळ्यात अवघड जातं, कारण कोणीतरी तांब्या घेऊन आलेलं असतंच. दुसऱ्यानं १०८ लावायचा. गाडीतून सपाट फळी येते. फळीवर घेताना डोकं, खांदे, कंबर, पाय एकाच वेळी, एका ओंडक्यासारखे वळले पाहिजेत. त्याला चार-पाच जण लागतात आणि हुकूम फक्त डोकं धरणाऱ्याचा. तो "एक, दोन, तीन" म्हणेल तेव्हाच सगळे वळवतात. घरच्या अंगणात चार वेळा करून पाहा. कागदावर वाचून हे हातात येत नाही.

आता डोक्याचा मार. पोरगा पडला, उठला, कपडे झटकले आणि "काही नाही झालं" म्हणाला, ही मला सर्वांत जास्त भीती वाटणारी वेळ आहे. मेंदूला धक्का बसायला बेशुद्ध व्हावं लागत नाही. डोकं दुखणं, मळमळ, दोन-दोन दिसणं, तोच प्रश्न पुन्हा विचारणं, उजेड सहन न होणं, यातलं एकही असेल तर त्या दिवशी पुन्हा घोड्यावर बसायचं नाही, कोणीही म्हटलं तरी. त्यानंतरही डॉक्टरांनी सांगेपर्यंत नाही. पहिला धक्का भरून यायच्या आधी दुसरा बसला तर तो जिवावर बेतू शकतो. वांत्या वाढल्या किंवा झोपेतून नीट जागा होईना, तर त्याच क्षणी दवाखाना. ब्रिटनमध्ये जॉकी धडधाकट असतानाच त्याच्या आठवणीची आणि प्रतिसादाची चाचणी घेऊन ठेवतात, म्हणजे पडल्यावर तुलना करता येते. तुम्ही ट्रेनरला विचारा, की डोक्याला मार लागल्यावर पोराला किती दिवस बसवून ठेवता आणि परत चढवायचं कोण ठरवतं. ते डॉक्टर ठरवत असतील तर बरं. ट्रेनर स्वतःच ठरवत असेल, तर तेवढं बोलून बदलून घ्या.

तिसरं, वजन. ४६ किलो आज आहे. १७ वर्षांचा मुलगा अजून वाढणार, आणि वाढेल तसं त्याच्यावर वजन कमी ठेवायचं दडपण येईल. उपाशी राहणं, घाम काढणं, जुलाबाच्या आणि लघवीच्या गोळ्या, या सगळ्यांतून जातं ते पाणी. शरीरातलं थोडं पाणी कमी झालं तरी हात-डोळ्यांचा मेळ बिघडतो, चक्कर येते, निर्णय उशिरा होतो, आणि साठच्या वेगात तो उशीर म्हणजे पडणं. ब्रिटनच्या रेसकोर्सवर जॉकींसाठी घाम काढायच्या सॉना-खोल्या होत्या. करोनात त्या बंद केल्या आणि नंतर पुन्हा उघडल्याच नाहीत. वाढत्या वयात अर्धपोटी राहिलेल्या मुलाची हाडंही ठिसूळ राहतात, मग ज्या पडण्यात दुसऱ्याला खरचटतं त्यात याचं हाड मोडतं. दूध, अंडी, डाळ, तिळाची चटणी, भाकर, आणि सकाळचं ऊन. त्याच्या आईला सांगा, फोनवर "जेवलास का" यासोबत "वजन किती सांगितलं त्यांनी" हेही विचारत जा. लघवी गडद पिवळी होते का, हेही विचारायचं. संकोच वाटेल, पण एवढ्यावरून पुष्कळ कळतं.

एक माहिती, भावासाठीही. ब्रिटनमध्ये १९६३-६४ मध्ये टिम ब्रुकशॉ आणि पॅडी फॅरेल हे दोन जॉकी पडून अपंग झाले. त्यांच्यासाठी गोळा झालेल्या पैशातून १९६४ मध्ये जखमी जॉकींचा निधी उभा राहिला. आज त्या निधीची तीन पुनर्वसन केंद्रं आहेत. तिथं मोडलेले जॉकी बरे होतात, आणि धडधाकट जॉकींना न पडण्याचे, पडलं तर नीट पडण्याचे व्यायामही शिकवतात. इजा टाळणं आणि इजेनंतर माणसाला उभं करणं एकाच छताखाली आहे, हे मला फार आवडतं. दादांना खुर्चीत बसून-बसून जखमा होत नाहीत ना? मला खाजगी संदेश करा. उशीची आणि दर वीस-पंचवीस मिनिटांनी अंग उचलायची पद्धत सांगते.

मामा दर्यापूरवाले | ७ एप्रिल

स्पष्ट लिहितो, राग मानू नका. घरात एक माणूस खुर्चीत असताना दुसऱ्याला त्याच वाटेनं कसे पाठवता? पोरगा हुशार असेल तर आयटीआयला घाला. इथं हेल्मेटची चर्चा करण्यापेक्षा त्याला समजावा.

धामणगावचा धुरकरी | ७ एप्रिल

मामाजी, राग नाही. हेच त्याची आई बोलली, हेच मी बोललो. त्याला मी दादासमोर बसवलं आणि म्हटलं, तूच सांग याले. दादा म्हणाला, "मी पडलो म्हून नाही बसलो इथं. मले उचलता नाही आलं कोणाले, म्हून बसलो. याले पडणं शिकवा आन् बाकीच्याइले उचलणं." त्यानंतर घरात कोणी काही बोललं नाही. फिजिओताई, तुम्ही लिहिलेलं मी दादाला वाचून दाखवलं. डाव्या पायाचं वाचताना मला थांबावं लागलं.

मलखांब सर | ९ एप्रिल

पडणं शिकवा, हे दादांनी अगदी बरोबर सांगितलं. मी अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळात शिकलो. १९१४ पासूनची संस्था, माझे सर तिथं मलखांब शिकवायच्या आधी महिनाभर फक्त पडायला लावत. आता मी जिल्हा परिषदेच्या शाळेत आहे आणि तेच करतो.

माणूस पडताना हात टेकवतो, ही जन्माची खोड आहे. मनगट, कोपर, कॉलरबोन, सगळं त्या खोडीनं मोडतं. ती मोडायला शेकडो वेळा लोळावं लागतं. आता सोयाबीनचं कुटार, म्हणजे भुसा, आहे का घरी? गोठ्यामागं दीड-दोन फूट जाड थर घाला, वर जुनी सतरंजी. पहिले पंधरा दिवस फक्त उकिडवं बसून. हनुवटी छातीला, हात छातीशी गोळा, खांद्याच्या मागच्या भागावरून तिरकं लोळायचं, दुसऱ्या बाजूच्या कमरेवर उतरायचं. डोकं जमिनीला लागता कामा नये आणि सरळ पाठीच्या कण्यावरून लोळायचं नाही. उजवीकडून जमलं की डावीकडून, कारण घोडा बाजू विचारून फेकत नाही. मग उभं राहून, मग चालता-चालता, मग हळू पळताना. उंचावरून उडी मारायची घाई करू नका, बैलगाडीवरून तर बिलकूल नाही. कुटाराखाली खडा, खिळा, तुऱ्हाटीचा खुंट नाही ना, हे रोज हात घालून पाहा.

शेवटी गोळा होऊन तसंच पडून राहायचं. वरुडचे भाऊ सांगतील, मागून घोडे येत असतात तेव्हा उठून पळायचं नसतं ना?

वरुडचा संत्रेवाला | ९ एप्रिल

बरोबर बोलले सर. मागचे घोडे निघून जाईपर्यंत गोळा होऊन निपचित राहायचं, डोक्यावर हात. घोडा माणसावर पाय द्यायचं होईल तितकं टाळते. पडलेला माणूस मधातच उठला की घोड्याचा अंदाज चुकते. आणि लगाम हातातून सोडून द्यायचा. वरातीची घोडी सांभाळणाऱ्याला सवय असते लगाम न सोडायची, घोडी पळून जाईल म्हणून. ती सवय आत्ताच तोडा. कुटारात लोळताना हातात दोरी द्या आणि लोळायच्या क्षणी सोडायला लावा.

एक राहिलं होतं. विमा काय आहे, जखमी होऊन घरी बसला तर पगार मिळते का, दवाखान्याचा खर्च कोण करते, हे लिहून मागा. तोंडी सगळेच चांगलं बोलतात. आणि १८ पूर्ण झाल्याबरोबर बँकेत त्याचा प्रधानमंत्री सुरक्षा विमा काढा, वर्षाला २० रुपये, अपघाती मृत्यू किंवा पूर्ण अपंगत्वाला दोन लाख. रक्कम मोठी नाही, पण त्याच्या नावानं काहीतरी असू द्या.

धामणगावचा धुरकरी | १५ जून

मंडळी, दोन महिन्यांनी लिहितो. पेरणीची धावपळ आणि पोराची तयारी एकाच वेळी आली.

मे महिन्यात मी आणि पोरगा महाराष्ट्र एक्स्प्रेसनं पुण्याला जाऊन आलो. ट्रेनर माणूस कमी बोलणारा, पण ऐकून घेणारा. मी तुमचे प्रश्न वहीत लिहून नेले होते आणि वही उघडूनच विचारले. अ‍ॅम्ब्युलन्सचं विचारलं तर त्यांनी खरंच बोट दाखवलं. डोक्याला मार लागल्यावर परत कोण चढवतं, या प्रश्नावर ते जरा थांबले आणि म्हणाले, "डॉक्टरच्या चिठ्ठीशिवाय मी चढवणार नाही." मी म्हटलं, साहेब, हे एवढं या कागदावर लिहून द्या. त्यांनी दिलं, खाली सही केली. पहिले सहा महिने तबेल्याचं काम आणि जुने घोडेच, हेही त्याच कागदावर आहे. जखमी असतानाच्या पगाराचं मात्र पक्कं उत्तर मिळालं नाही. पाहू म्हणाले. ते मी सोडलेलं नाही, दर महिन्याला विचारणार आहे.

हेल्मेट पुण्यातच घेतलं, पट्टी पाहून, डोकं हलवून. पाच डोक्यावर घातली, सहावं बसलं. पैसे दादानं दिले, अपंगत्वाच्या पेन्शनमधून साठवलेले. मी नको म्हणत होतो. तो म्हणाला, "माह्या पैशाचंच घालू दे त्याले."

कुटारातलं लोळणं रोज दोन वेळा झालं, सकाळी घोडीला पाणी पाजून आल्यावर आणि संध्याकाळी. दोरी हातातून सुटायला अठरा दिवस लागले. एकोणिसाव्या दिवशी सुटली आणि मग सुटतच राहिली. घोडीच्या चालीचं मी शिकवलं. डोळे मिटून बसायचं आणि टापा मोजायच्या. एका सकाळी त्यानंच सांगितलं की घोडीच्या मागच्या उजव्या पायात काही आहे. पाय उचलून पाहिला तर खडा होता.

उचलण्याचा सराव अंगणात झाला, फिजिओताईंनी सांगितला तसा. पोरगा आडवा पडला, डोकं मी धरलं, शेजारचे तिघं बाजूला. गल्लीतली पोरं पाहायला जमली, मग त्यांनाही शिकवलं. दादा ओसरीवरून पाहत होता. दोन वेळा आमचं चुकलं, कंबर मागं राहिली. मग दादा म्हणाला, मोजणं माझ्याकडं द्या, तुम्ही डोकं धरून मोजता तर तुमचं ध्यान दोनीकडं जाते. ताई, तुम्ही हुकूम डोकं धरणाऱ्याचा सांगितला होता, पण सरावाला आम्ही दादालाच मोजू दिलं. त्यानं खुर्चीतून "एक, दोन, तीन" म्हटलं आणि पोरगा एका दणक्यात, सरळ, ओंडक्यासारखा वळला. दादा म्हणाला, "अजून एकदा." आम्ही अंधार पडेपर्यंत करत होतो.

आमच्या पट समितीलाही मी हे सांगितलं आहे. २०२३ च्या मे महिन्यात सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं पटाच्या कायद्याला मान्यता दिली, तेव्हापासून पट दरवर्षी भरतो, गर्दीही वाढली. येत्या जानेवारीत दाणीच्या दोन्ही टोकांना एकेक सपाट फळी आणि शिकलेली पाच-पाच माणसं राहतील, इतकं कबूल झालं. हेल्मेटला धुरकरी अजून हसतात. दोघं तयार आहेत, तिसरा मी. या वयात मी पुन्हा हाकलणार नाही, पण समितीच्या माणसाच्या डोक्यावर दिसलं तर बाकीचे घालतील असं वाटते.

पोरगा काल गेला. गाडी रात्रीची होती. हेल्मेट बॅगेत दबेल म्हणून मांडीवर घेऊन बसला होता.

फिजिओताई, एक विचारायचं राहिलं. डोकं धरणाऱ्याचे हात पाच-सात मिनिटांत भरून येतात. गाडी यायला खेड्यात अर्धा तास लागतो. मधात माणूस बदलायचा कसा?

फिजिओ, वर्धा | १५ जून

पहिल्यानं सोडायच्या आधी दुसऱ्यानं धरायचं. दुसरा पडलेल्याच्या छातीच्या बाजूनं येऊन गुडघ्यावर बसेल, पहिल्याच्या हातांच्या खालून दोन्ही बाजूंनी डोकं आणि जबडा पकडेल आणि तोंडानं "धरलं" म्हणेल. ते ऐकल्यावरच पहिल्यानं हात काढायचे, एकेक करून. धरणाऱ्यानं कोपर जमिनीला किंवा आपल्या मांडीला टेकवले तर हात लवकर भरून येत नाहीत. डोकं धरलेला माणूस मोजत असेल तर बदलताना मोजणं थांबवायचं, तेव्हा कोणी काही वळवायचं नाही. सरावात मोजायचं काम दादांकडेच राहू द्या, पटात मात्र दाणीवर डोक्याशी बसलेल्यानंच मोजायचं.